बँकॉकचा शेवटचा दिवस: वाचकांचे प्रश्न

बँकॉकहून परतीच्या दिवसाबद्दल विचारलेल्या पाच प्रश्नांची उत्तरं या वेळी देत आहोत. दर हे लिहितानाचे आहेत, निघण्याआधी एकदा पडताळून घ्या.

प्रश्न: मुंबईचं विमान सुवर्णभूमीहून रात्री 11.40 ला आहे. हॉस्टेल खाओसान रोडला, चेकआउट दुपारी बाराला. हातात हजारेक बाट उरतील. दिवसभर काय बघता येईल? (कोल्हापूर)

आधी विमानापासून उलटं मोजा. बहुतेक कंपन्यांचा काउंटर उड्डाणाच्या तासभर आधी बंद होतो, म्हणजे 10.40. त्याच्या दोन तास आधी, 8.40 ला विमानतळावर असावं. मक्कासान स्टेशनवरून एअरपोर्ट रेल लिंकला साधारण 25 मिनिटं लागतात, शिवाय गाडीची वाट पाहण्याची 15 धरा. त्याआधी मेट्रो आणि चालणं. हिशोब असा येतो की शहरातून सातला पाय निघालाच पाहिजे.

खरी अडचण खाओसानची आहे. तिथे मेट्रो नाही, आणि संध्याकाळी साडेचारनंतर त्या भागातले रस्ते तुंबतात. बॅग हॉस्टेलवर ठेवून दिवसभर शहराच्या दुसऱ्या टोकाला फिरलात, तर ती आणायला नेमकं त्याच गर्दीत परत यावं लागतं. विमान चुकण्याचं हे नेहमीचं कारण. म्हणून दिवसभर जवळच्या चाओ फ्राया नदीलाच धरून राहा.

सकाळीच चेकआउट उरका. बॅग बहुतेक हॉस्टेलं फुकट ठेवून घेतात, पण पासपोर्ट, पैसे आणि पॉवर बँक अंगावरच ठेवा. संध्याकाळी आंघोळ करू देतात का, हेही तेव्हाच विचारा. कोरडा टी-शर्ट बॅगेत सगळ्यात वर हवा.

फ्रा आथित धक्क्यावरून (आथित म्हणजे आपला आदित्य) नारंगी झेंड्याची बोट पकडा. कुठेही उतरा, भाडं 16 बाट. शेजारीच पर्यटकांच्या महागड्या बोटीची तिकिटं विकली जातात. तिथे न थांबता झेंड्याचा रंग बघून चढा, पैसे बोटीतच घेतात. था तियेनला उतरलात की वाट फो (थाई ‘वाट’ म्हणजे मंदिर) समोरच. ते आठला उघडतं, तिकीट 300 बाट. पहिल्या तासात पहुडलेल्या बुद्धाचं दालन निवांत मिळतं. मूर्ती 46 मीटर लांब आहे, पण घाईतले लोक चेहऱ्याचा फोटो काढून परततात आणि पावलं राहून जातात. तळव्यांवर शिंपल्याच्या चकाकत्या तुकड्यांनी 108 शुभचिन्हं जडवली आहेत. त्यांच्यासमोर तिरपे उभे राहा, म्हणजे प्रकाश बरोबर पडतो. पाठीमागच्या बाजूला 108 धातूची भांडी ओळीने मांडलेली आहेत. 20 बाट देऊन वाटीभर चिल्लर घ्यायची आणि एकेक नाणं टाकत पुढे जायचं. तो खणखणाट दालनभर घुमत असतो.

मग 5 बाटांच्या तरीने पलीकडे वाट अरुण, तिकीट 200. लांबून नक्षी वाटते ती जवळ गेल्यावर चिनी मातीच्या बश्यांचे तुकडे निघते. पायऱ्या उभ्या आहेत, उतरताना कठडा सोडू नका. पैसे कमी पडत असतील तर हे मंदिर अलीकडच्या काठावरून बघा, 210 बाट वाचतात. वाट फो मात्र सोडू नका. दोन्हीकडे खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत.

दुपारी बोटीने परत. फ्रा आथित धक्क्याला लागूनच फ्रा सुमेन किल्ल्याची बाग आहे, उन्हाच्या वेळी सावलीत पडायला उत्तम. चारला बॅग घेऊन पुन्हा बोट पकडा, या वेळी राजिनी धक्क्यापर्यंत. सनाम चाय मेट्रो स्टेशन तिथून दोन मिनिटांवर. दोन स्टेशनं पुढे वाट मंगकोन, म्हणजे याओवारातचा चायनाटाउन. खाण्याच्या गाड्या सहाच्या सुमारास लागतात. सोमवारी बऱ्याच बंद असतात. बॅग दहा किलोच्या वर असेल तर त्या गर्दीत शिरू नका, सरळ विमानतळ गाठा.

सात वाजता त्याच मेट्रोने (निळी लाइन) फेचाबुरीला या, उन्नत पादचारी मार्गाने मक्कासानला जा आणि तिथून रेल लिंक घ्या, 35 बाट. प्रवास आणि दोन्ही मंदिरं मिळून साडेसहाशेच्या आसपास होतात, उरलेले जेवणाला पुरतात.

मेट्रोत एक चूक हमखास होते. प्लॅस्टिकचं टोकन आत जाताना टेकवायचं, बाहेर पडताना खाचेत टाकायचं. व्हिसा-मास्टरकार्ड थेट गेटवरही चालतं, पण आत आणि बाहेर तेच कार्ड हवं, आणि माणशी वेगळं. आपल्या बँकेच्या ॲपमध्ये ‘आंतरराष्ट्रीय’ आणि ‘कॉन्टॅक्टलेस’ हे दोन्ही पर्याय निघण्याआधी सुरू करून ठेवा.

प्रश्न: राजवाड्याजवळ एकाने ‘आज बंद आहे’ म्हणून 20 बाटांत टुकटुकने फिरवून आणायची तयारी दाखवली. जावं का? (नाशिक)

नाही. ती टुकटुक रत्नांच्या किंवा शिंप्याच्या दुकानात नेते आणि चालकाला तिथून कमिशन मिळतं. राजवाडा सकाळी साडेआठला उघडतो आणि साडेतीनपर्यंत तिकिटं मिळतात. बंद आहे की चालू, हे तिकीट खिडकीपर्यंत चालत जाऊन बघा. तिकीट 500 बाट आहे आणि अर्धा दिवस जातो, म्हणून शेवटच्या दिवसासाठी आम्ही तो सुचवत नाही.

प्रश्न: आम्ही पूर्ण शाकाहारी. रस्त्यावर काय खावं? (पुणे)

पिवळ्या पाटीवर लाल रंगात आपल्या इंग्रजी ‘17’ सारखं दिसणारं अक्षर शोधा. ते ‘जे’. या जेवणात मांस, मासे, अंडी, दूध तर नाहीच, कांदा-लसूणही नसतो. ‘मांगसविरत’ हा शब्दही ऐकाल. आपल्याच ‘मांस’ आणि ‘विरती’तून तो आलाय, पण तेवढ्यावर विसंबू नका. भाज्या शाकाहारी असल्या तरी चवीला मासळीचा सॉस पडतो. पॅड थाय (परतलेल्या नूडल्स) आणि सोम तमला (कच्च्या पपईची कोशिंबीर) तो असतोच, वर सुकी कोळंबीही असते. म्हणून ‘किन जे’ म्हणजे ‘मी जे खातो’ असं आधी सांगा, मग ‘माय साय नाम प्ला’ (मासळीचा सॉस नको) आणि ‘माय साय कुंग हेंग’ (सुकी कोळंबी नको). नारळाच्या दुधातला चिकट भात आणि आंबा बिनधास्त खा. फाहुरात भागातल्या गुरुद्वारात सकाळी लंगर असतो, डोकं झाकून जा.

प्रश्न: उरलेल्या पैशांचं काय करायचं? आणि सात किलोच्या केबिन बॅगेत काय चालत नाही? (ठाणे)

नोटा सुवर्णभूमीच्या तळघरात, रेल लिंक स्टेशनच्या मजल्यावर बदला. वरच्या मजल्यांवरच्या बँक काउंटरपेक्षा तिथे दर बरा मिळतो. नाणी बदलून मिळत नाहीत, ती बोटीला आणि पाण्याच्या बाटलीला आधीच संपवा. शेवटच्या दिवशी एटीएम टाळा, परदेशी कार्डावर दर वेळी 220 बाट किंवा जास्त शुल्क लागतं. काढावेच लागले तर पडद्यावर ‘रुपयांत बदलून देऊ का’ असं विचारल्यावर नाही म्हणा, तो दर वाईट असतो.

करी पेस्ट आणि बाम यांची गणना द्रवात होते. 100 मिलीच्या वरचा डबा केबिनमधून जात नाही. शिवाय बहुतेक करी पेस्टमध्ये कोळंबीचा ‘कापी’ असतो, तेव्हा शाकाहारी मंडळींसाठी नेताना ते ‘17’ बघूनच घ्या. पॉवर बँक उलट केबिनमध्येच हवी. 20,000 एमएएचची बँक 74 वॉट-अवर भरते, मर्यादा 100 ची.

गांजाची दुकानं रस्तोरस्ती दिसतात. त्यातलं काहीही, खाऊच्या रूपातही, बॅगेत येता कामा नये. आपल्याकडे 1985 चा एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायदा लागतो, आणि बँकॉकहून येणाऱ्यांकडचा गांजा मुंबई विमानतळावर वारंवार पकडला जातो. हॉस्टेलमध्ये ओळख झालेल्या कुणी ‘एवढं पार्सल मुंबईत पोचवशील का, तिकिटाचे पैसे देतो’ म्हटलं, तर पार्सलला हातही लावू नका.

प्रश्न: तिकिटावर ‘15 तारीख, 00.35’ आहे. हॉस्टेल 15 तारखेपर्यंत घेऊ ना? (छत्रपती संभाजीनगर)

14 ची रात्र झोपलात तर विमान निघून गेलेलं असेल. 14 च्या रात्री साडेनऊला विमानतळावर हजर राहायचं आहे. मुक्कामाची मुदत 14 लाच संपत असेल तर पासपोर्टवर शिक्का मध्यरात्रीआधी मारून घ्या, जादा राहण्याचा दंड दिवसाला 500 बाट आहे. तिकिटावरचा विमानतळही आताच बघा. बीकेके म्हणजे सुवर्णभूमी, डीएमके म्हणजे डॉन मुआंग. डॉन मुआंगला मक्कासानवरून गाडी जात नाही. निळ्या मेट्रोने बांग सू, आणि तिथल्या क्रुंग थेप आफिवात स्टेशनवरून लाल लाइन.