इंदिरा गांधींची निवडणूक एवढ्या किरकोळ कारणावरून रद्द झाली आणि त्यामुळेच आणीबाणी लागली का?

प्रश्नातला ‘किरकोळ’ हा शब्द खटकला, म्हणून लिहितोय. लाउडस्पीकरपायी पंतप्रधानांची खासदारकी घालवली, हे पालुपद वर्षानुवर्षं ऐकतोय.

१९७१ ला रायबरेलीत इंदिराजींकडून हरलेल्या राजनारायण यांच्या याचिकेवर अलाहाबाद उच्च न्यायालयाचे न्या. जगमोहनलाल सिन्हा यांनी १२ जून १९७५ ला दिलेला निकाल दोन मुद्द्यांवर उभा होता. दुसरा सोपा आहे: रायबरेलीच्या सभांची व्यासपीठं, लाउडस्पीकरची वीज हे काम जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक आणि बांधकाम व वीज खात्याच्या अभियंत्यांकडून करून घेतलं. पहिला मुद्दा मात्र तारखांचा आहे आणि खरी मेख तिथेच आहे.

यशपाल कपूर पंतप्रधान सचिवालयात विशेष कार्याधिकारी, म्हणजे राजपत्रित अधिकारी. ७ जानेवारी १९७१ ला त्यांनी मुन्शीगंजला प्रचाराचं भाषण केलं. राजीनामा दिला १३ तारखेला. तो १४ पासून मंजूर झाल्याची अधिसूचना निघाली २५ ला. मधल्या काळात, १९ तारखेला, कलानला आणखी एक भाषण. राजीनामा तोंडी स्वीकारला होता, अशी साक्ष पंतप्रधानांचे तेव्हाचे सचिव हक्सर यांनी दिली. न्यायालयाने ती मानली नाही, म्हणजे २५ पर्यंत कपूर सरकारी नोकरच.

आता इंदिराजी उमेदवार कधीपासून? त्यांचं म्हणणं, १ फेब्रुवारीला अर्ज भरला तेव्हापासून. पण २९ डिसेंबर १९७० च्या पत्रकार परिषदेत, रायबरेली सोडून गुडगावला जाताय का, असं विचारल्यावर त्या ‘नाही’ म्हणाल्या होत्या. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या त्या वेळच्या कलम ७९(ब) प्रमाणे स्वतःला भावी उमेदवार म्हणवायला लागलं की माणूस उमेदवार ठरायचा. म्हणून दोन्ही भाषणं कलम १२३(७) मध्ये, म्हणजे सरकारी अधिकाऱ्यांची प्रचारात मदत घेणं हा ‘भ्रष्ट आचार’ ठरवणाऱ्या कलमात, अडकली.

लाखाच्या वर मताधिक्य होतं, हा युक्तिवाद इथे चालतच नाही. उमेदवाराने स्वतः किंवा त्याच्या संमतीने भ्रष्ट आचार झाला की कलम १००(१)(ब) खाली निवडणूक रद्दच. मतदानाच्या निकालावर परिणाम झाला का, हे तिथे बघायचंच नसतं. सहा वर्षांची अपात्रताही कायद्यातूनच आली. माझे एक ज्येष्ठ वकीलमित्र अजूनही ‘शिक्षा जास्त झाली’ म्हणतात. न्यायाधीशांच्या हातात कमी-जास्त करण्यासारखं काही नव्हतंच.

आणीबाणीचं म्हणाल तर निकाल हे एक कारण. बिहार-गुजरातची आंदोलनं आधीपासून पेटलेली होती. २४ जूनला सुप्रीम कोर्टाचे न्या. कृष्ण अय्यर यांनी सिन्हांच्या निकालाला सशर्त स्थगिती दिली: पंतप्रधान राहा, सभागृहात बोला, पण खासदार म्हणून मत नाही, वेतन नाही. दुसऱ्याच रात्री आणीबाणी लागली.

‘मग सुप्रीम कोर्टात त्या जिंकल्या कशा?’ असं विचारणाऱ्यांनी ऑगस्ट १९७५ ची निवडणूक कायदा दुरुस्ती उघडावी. उमेदवाराची व्याख्या बदलली, राजीनाम्याची राजपत्रातली तारीख निर्णायक ठरवली आणि सगळं पूर्वलक्षी प्रभावाने. ७ नोव्हेंबरला त्या बदललेल्या कायद्यावर निवडणूक वैध ठरली. पंतप्रधानांची निवडणूक न्यायालयाबाहेर काढणारं ३९ व्या घटनादुरुस्तीतलं कलम ३२९-अ चं चौथं उपकलम मात्र त्याच खंडपीठाने रद्द केलं. त्यात पुण्याचे न्या. यशवंतराव चंद्रचूडही होते.

हेही सांगायला हवं की राजनारायण यांचे बरेच आरोप सिन्हांनीच फेटाळले होते: मतदारांना दारू-कांबळी वाटणं, गाय-वासरू हे धार्मिक चिन्ह असणं, खर्चमर्यादा ओलांडणं. निकाल वाचणार असाल तर आजचं कलम ७९(ब) घेऊन बसू नका, ते दुरुस्तीनंतरचं आहे. १९७१ चा मजकूर शोधा, मग सिन्हांची तारखांची मांडणी नीट लागते.