ठेवी कोटीच्या आणि पगार अर्धा

पत्र थोडक्यात : मिरजेजवळून एक वडील लिहितात. मुलगी २९ वर्षांची, बी.एस्सी. नर्सिंग. घरपोच शुश्रूषा देणाऱ्या एका धर्मादाय ट्रस्टमध्ये सात वर्षं नोकरी. आता ट्रस्टने तिला मुख्य समन्वयकपद देऊ केलंय. वडिलांना ते नको आहे. ‘कोटीच्या ठेवी असताना या लोकांनी २०२० मध्ये नर्सचे पगार अर्धे केले. पैसे खाल्ले, दुसरं काय? शिवाय हिशेब नर्सचं काम नाही. उद्या काही झालं तर हिच्या गळ्यात. त्यापेक्षा जर्मनी किंवा एमबीए करून मोठं हॉस्पिटल. तिला समजवा.’

नमस्कार.

तुमच्या पत्रात मुलीच्या पगाराचा उल्लेख एकदा आहे आणि पाहुण्यांचा तीनदा. ‘ट्रस्टमध्ये नर्स आहे म्हटलं की स्थळं थंड पडतात’ हे वाक्य तर तुम्ही अधोरेखित केलंय. तिला स्वतःला काय हवंय, याची एक ओळही नाही. जर्मनी तुम्ही ठरवलीत, एमबीए तुम्ही ठरवलंत, आणि समजूत मी घालायची. सात वर्षं स्वतःच्या कमाईवर उभ्या असलेल्या बाईची समजूत घालायला मी बसलेलो नाही. समजूत घालायचीच तर तुमची घालतो. तुमची एक भीती मात्र रास्त आहे, तिच्याकडे शेवटी येऊ.

आधी ‘पैसे खाल्ले’ याबद्दल. खाल्लेही असतील, पण कोटीच्या ठेवी हा त्याचा पुरावा नव्हे. समजा, एका संस्थेत ४० नर्स आहेत, प्रत्येकीला १८ हजार. पगार ७ लाख २० हजार. भाडं, प्रवास, औषधं धरून महिन्याचा खर्च ९ लाख. रुग्णांकडून ६ लाख येतात, देणग्यांतून ३. तोंडमिळवणी होते. बँकेत एक कोटी. पण त्यातले ७० लाख कॉर्पस, म्हणजे मूळ निधी : देणगीदाराने लेखी सांगितलेलं असतं की मुद्दल मोडू नका, व्याज वापरा. २२ लाख इमारतीसाठी दिलेले, ते इमारतीलाच. हाताशी मोकळे उरले ८ लाख. आता एप्रिल २०२० आणा. बाहेरची नर्स घरात नको म्हणून लोकांनी सेवा थांबवल्या; ६ लाखांचे दीड झाले. देणग्या एक लाखावर आल्या. मास्क, पीपीई किट आणि नर्सना न्यायला-आणायला गाडी, यांचा खर्च दीड लाखाने वाढला. खर्च साडेदहा, जमा अडीच, तूट ८ लाख. एक कोटीची संस्था एका महिन्यात रिकामी!

मदत आली नाही असं नाही. २३ मार्च २०२० ला कंपनी व्यवहार मंत्रालयाने कोविडवरचा खर्च सीएसआरमध्ये, म्हणजे कंपन्यांनी समाजकार्यावर करायच्या खर्चात, धरला जाईल असं जाहीर केलं. पण अनेक संस्थांच्या दारात कंपन्यांची मदत आली ती किटच्या खोक्यांच्या रूपात, आणि खोक्यातून पगार निघत नाही. सप्टेंबर २०२० मध्ये परदेशी देणग्यांचा कायदा बदलला : प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० वर आली आणि एका संस्थेने दुसरीला परदेशी निधी पुढे देणं बंद झालं. मोठ्या संस्थेच्या हातून पैसा मिळवणाऱ्या तालुक्याच्या लहान संस्था ऐन साथीत कोरड्या पडल्या.

बऱ्याच विश्वस्तांना अजून वाटतं की ना-नफा म्हणजे वर्षअखेर पेटी रिकामी हवी. प्राप्तिकर कायदा तसं म्हणत नाही. उत्पन्नाच्या ८५ टक्के खर्च करा, उरलेले १५ टक्के राखून ठेवायला मुभा आहे. त्यातून तीन ते सहा महिन्यांच्या पगाराएवढी मोकळी गंगाजळी साठवता येते. शिल्लक दिसली तर देणगीदार काय म्हणतील, या लाजेपोटी ती साठवली जात नाही आणि किंमत मोजते नर्स.

‘हिशेब नर्सचं काम नाही’ हे तर मला अजिबात पटत नाही. शुश्रूषा संस्थेचा खरा अर्थसंकल्प ड्युटी रोस्टरमध्ये, म्हणजे पाळ्यांच्या तक्त्यात असतो. एका रुग्णापाशी चोवीस तास नर्स ठेवायची तर आठ-आठ तासांच्या तीन पाळ्या, म्हणजे तीन नर्स; साप्ताहिक सुटी धरली की साडेतीन. कोविडमध्ये सात दिवस काम, सात दिवस विलगीकरण केलं की तिथे सहा लागतात. पगार सहा जणींचे, बिल तीनच पाळ्यांचं. हा खड्डा सी.ए.ला मार्चअखेर दिसतो. रोस्टर लावणाऱ्या सिस्टरला पहिल्या सोमवारी दिसतो. म्हणूनच ती विश्वस्तांच्या बैठकीत हवी. आपल्याकडे तिला बोलावतात ते चहाच्या वेळी, ‘नर्सेस काय म्हणतायत’ एवढं विचारायला.

आता तुमची रास्त भीती. जबाबदारी तिची आणि सही दुसऱ्याची, असं पद खरंच गळ्यात येतं. साथीत अडकलं ते इथेच : चेकवर सही करणारे दोघे विश्वस्त सत्तरीपुढचे, एक विलगीकरणात, दुसरे वारले. नवा विश्वस्त नेमला तरी बँक धर्मादाय कार्यालयाचा शेड्यूल एकचा उतारा, म्हणजे विश्वस्तांच्या नावांची अधिकृत नोंद मागते, आणि विश्वस्त बदलल्याचा फेरफार अर्ज तिथे प्रलंबित. खात्यात पैसे असूनही पगार थांबतो. हा अर्ज बदल झाल्यापासून ९० दिवसांत द्यायचा असतो. वर्षानुवर्षं न देणारे ट्रस्ट ढिगाने सापडतील.

तेव्हा तिने होकार देण्याआधी चार गोष्टी लेखी मागाव्यात. किती रुपयांपर्यंतचा खर्च ती स्वतः मंजूर करू शकते. सह्यांचे अधिकार तिघांना आहेत का, आणि त्यांतल्या कोणत्याही दोघांची सही चालते का. विश्वस्तांच्या प्रत्येक बैठकीत तिला बसायला आणि तिचं म्हणणं इतिवृत्तात नोंदवायला मिळेल का. आणि मोकळा निधी किती, हे तिला दर महिन्याला कळेल का. शेवटच्या प्रश्नावर ‘ते आमचे अकाउंटंट बघतात’ असं उत्तर आलं, तर पद घेऊ नये. मग तुमचं खरं ठरेल, कारण मात्र वेगळं.

जर्मनीला जर्मन भाषा बी-२ पातळीपर्यंत आणि पदवीची मान्यता लागते. इथल्या सरकारी नर्सभरतीची जाहिरात येईल तेव्हा अर्ज करता येईल. एमबीएला राज्याची सीईटी, रुग्णालय प्रशासनाला मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा अभ्यासक्रम. सगळे रस्ते चांगले आहेत, पण यांतला एकही आज तातडीचा नाही. पद नीट मिळालं तर दोन वर्षं ते करून मग रुग्णालय प्रशासन शिकावं; वर्गात तिच्याइतका अनुभव फार थोड्यांकडे असेल.

तोवर तिने ट्रस्टचे २०१९-२० पासूनचे लेखापरीक्षित हिशेब मागवावेत. शेड्यूल आठ म्हणजे ताळेबंद, नऊ म्हणजे जमाखर्च. आठमध्ये डाव्या बाजूला कॉर्पस आणि ठरावीक कामासाठी राखीव निधी वेगवेगळे दाखवलेले असतात. त्यांची बेरीज उजवीकडच्या ठेवी आणि बँकेतल्या शिलकीतून वजा करावी, शिवाय देणी द्यायची असतील तीही. उरेल त्याला महिन्याच्या खर्चाने भागावं. उत्तर तीन महिन्यांपेक्षा कमी आलं, तर २०२० मध्ये पगार का कापले ते तिला कळेल. बरंच जास्त आलं, तर तुमचा संशय तिने पुढच्या बैठकीत विचारावा. आणि पुढचं पत्र तिने स्वतः लिहावं.