वाचकांचे प्रश्न : लंबवर्तुळाचे केंद्र आणि पूर्ण वर्ग

प्रश्न : ९क्ष² + ४य² − ५४क्ष + १६य + ६१ = ० या लंबवर्तुळाचे केंद्र पूर्ण वर्ग करून काढताना उजवीकडे −४८ येते. दोन वर्गांची बेरीज ऋण कशी? उदाहरण चुकीचे छापले आहे का?
– बारावीची विद्यार्थिनी, विटा (जि. सांगली)

उत्तर : उदाहरण बरोबर आहे. पण अशी बेरीज ऋण येऊच शकत नाही हे तुझ्या लक्षात आले, ते फार चांगले झाले. घोटाळा कुठे होतो ते बघ. स्थिर पद पलीकडे नेऊन सहगुणक कंसाबाहेर काढले की

९(क्ष² − ६क्ष) + ४(य² + ४य) = −६१

सहाचे निम्मे तीन, वर्ग ९. चाराचे निम्मे दोन, वर्ग ४. हे आकडे कंसाच्या आत जातात. पण पहिल्या कंसाबाहेर ९ उभा आहे, त्यामुळे डावी बाजू ९ ने नव्हे, ८१ ने वाढते. दुसऱ्या कंसामुळे १६ ने. तू उजवीकडे नुसते ९ आणि ४ मिळवलेस, म्हणून −४८ आले. खरे तर −६१ + ८१ + १६ = ३६.

९(क्ष − ३)² + ४(य + २)² = ३६

कंस ज्या किमतीला शून्य होतो ती घ्यायची, म्हणून केंद्र (३, −२). इथे +२ लिहून हमखास गुण जातात. ३६ ने भागल्यावर छेद ४ आणि ९ येतात. मोठा छेद य च्या खाली, म्हणजे दीर्घ अक्ष उभा; केंद्रापासून टोके वर-खाली ३ आणि डावी-उजवीकडे २ एककांवर. (१, −२) आणि (५, −२) मूळ समीकरणात घालून पाहा, दोन्ही वेळा शून्य यायला हवे.

एक गोष्ट मुद्दाम सांगायला हवी. तुझ्या चुकीच्या मांडणीतूनही केंद्र बरोबरच निघते, कारण त्याचा स्थिर पदाशी संबंध नाही. ६१ च्या जागी ९७ असते तर केंद्र तेच, पण आकृती एका बिंदूपुरती उरली असती. ९७ पेक्षा मोठी संख्या असती तर एकही बिंदू मिळाला नसता. तेव्हा केंद्र जुळले तरी उजवी बाजू तपासच.

प्रश्न : क्ष² + क्ष·य + य² − ४क्ष − ५य + ४ = ० अशा समीकरणात पूर्ण वर्ग पद्धत चालत नाही, अक्ष फिरवावेच लागतात, असे विद्यार्थ्यांना सांगावे का?
– शिक्षक, कराड (जि. सातारा)

उत्तर : केंद्रापुरते तरी सांगू नये. क्ष आणि य चे वेगळे गट होत नाहीत, एवढेच खरे. क्ष ची सगळी पदे एकत्र घ्या, क्ष² + क्ष(य − ४), आणि (य − ४) ही एकच संख्या समजा. अपूर्णांक टाळायला आधी वर्गपदाच्या सहगुणकाच्या चौपटीने, इथे ४ ने, गुणा. ही रीत श्रीधराचार्यांची; भास्कराचार्यांनी ती ‘बीजगणिता’त त्यांच्या नावानिशी दिली आहे.

(२क्ष + य − ४)² + ३(य − २)² = १२

दोन्ही कंस शून्य केले की य = २, क्ष = १. केंद्र (१, २). मात्र या रूपावरून अक्षांची लांबी काढायला जाऊ नये, कारण २क्ष + य = ४ आणि य = २ या रेषा एकमेकींना लंब नाहीत. अक्ष फिरवायचे ते त्यासाठी.