टीएसएच उतरत नाही? आधी गोळी कशाबरोबर जाते ते बघा

ताई, तुमची पोस्ट वाचली आणि चार वर्षांपूर्वीचं आमचं स्वयंपाकघर डोळ्यांपुढं आलं. सासूबाईंची थायरॉइडची गोळी चालू, तरी टीएसएच (थायरॉइड कमी पडलं की रक्तात वाढणारा आकडा) चौथ्यांदा वर, गोळी 100 मायक्रोग्रॅमवर गेलेली, घरात उपाय म्हणून धण्याच्या पाण्याचा आग्रह, आणि "खात्रीचं वाचायचं कुठं?" हा प्रश्न. माणूस बदला, आमच्याकडं सासूबाईंच्या जागी माझी आई. बाकी सगळं तेच.

मी डॉक्टर नाही. कोल्हापूरजवळ शिरोलीला फाउंड्रीत, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यात, क्वालिटी बघतो. त्यामुळं खालचं एका मुलाचा अनुभव म्हणून वाचा, डोस मात्र डॉक्टरांकडूनच ठरू दे. थायरॉइड म्हणजे काय वगैरे सांगत बसत नाही, ते तुम्हाला माहीत असणारच.

आईचा डोस 50 चा 75, मग 100, मग 125 झाला. दर खेपेला रिपोर्टवर तोच वर जाणारा बाण. दवाखान्याचं नाव विचारू नका, सांगणार नाही. तिथली पद्धत अशी की रिपोर्ट काउंटरवर द्यायचा, आत जायचा, आणि दहा मिनिटांनी चिठ्ठी बाहेर यायची: "डोस वाढवलाय." सव्वा वर्षात आईची आणि डॉक्टरांची समोरासमोर गाठ दोनदा पडली असेल. फाउंड्रीत पीस रिजेक्ट व्हायला लागले की आम्ही आधी साच्याच्या वाळूची ओल तपासतो, जादा लोखंड ओतत नाही. इथं मात्र ओततच चालले होते. एकदा मी काउंटरवर विचारलं, गोळी घ्यायची काही पद्धत असते का? उत्तर मिळालं, "गूगल करून येऊ नका." गूगल मी तोवर केलंच नव्हतं. त्या रात्री केलं.

आता आई गोळी कशी घ्यायची ते ऐका. वडील पहाटे गंगावेशीच्या कट्ट्यावरनं म्हशीचं ताजं दूध आणायचे. आईचं म्हणणं, "अनशापोटी गोळी उष्ण पडती रे." म्हणून गोळी दुधाबरोबर. त्याच घोटात कॅल्शियमची गोळी, कारण "एकदाच काय ते उरकलं." वर लगेच चहा. लिव्होथायरॉक्सिनला, म्हणजे या थायरॉइडच्या गोळीतल्या औषधाला, अडवणारं जे जे म्हणून असतं ते सगळं पाच मिनिटांत पोटात. कॅल्शियम त्या गोळीला आतड्यातच धरून ठेवतं, रक्तात जाऊ देत नाही. लोहाची गोळी तेच करते, ॲसिडिटीच्या बऱ्याच गोळ्याही आडव्या येतात.

हे मला मेडलाइनप्लसवर सापडलं. अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनची ही साइट 1998 पासून आहे. जाहिरात नाही, औषध विकायचं नाही, इंग्रजीही सोपं. तिथं स्वच्छ लिहिलंय: रिकाम्या पोटी, नाश्त्याच्या अर्धा ते एक तास आधी, आणि कॅल्शियम किंवा लोह चार तासांच्या अंतरानं. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेच्या, एनएचएसच्या, साइटवरही असंच सोपं पान आहे. मला विचाराल तर घरच्या माणसाला ही दोन पानं पुरतात.

आणि इथंच मी माती खाल्ली.

दुसऱ्या दिवसापासून मी आईची पद्धत बदलली. उठली, चूळ भरली की गोळी आणि साधं पाणी. चहा एक तासानं, कॅल्शियम दुपारी जेवल्यावर, दूध संध्याकाळी. अगदी बरोबर. फक्त डॉक्टरांना कळवलं नाही. रागात होतो. शिवाय वाटलं, बरोबरच तर करतोय, त्यात काय विचारायचं? डोस 125 चा तसाच ठेवला. म्हणजे आधी जी गोळी अर्धीमुर्धी अंगी लागत होती, ती आता पुरती लागायला लागली.

दोनेक महिन्यांनी रंकाळ्यावर फिरताना संध्यामठाच्या बाजूला आई कट्ट्यावर टेकली. म्हणाली, "छातीत कोंबडी फडफडल्यागत होतंय." हात धरला तर बोटं बारीक थरथरत होती. गेल्या काही दिवसांत घाम, अपुरी झोप, उतरलेलं वजन हे सगळं दिसत होतं, पण आम्ही वजन उतरलं म्हणून खूश! दुसऱ्या डॉक्टरांकडं गेलो. नाडी 118, टीएसएच 0.03, म्हणजे आता उलटा फारच खाली. ईसीजीत ठोके नियमित निघाले हे नशीब, कारण जास्तीच्या थायरॉक्सिननं या वयात ठोक्यांची लय बिघडू शकते आणि हाडंही ठिसूळ होतात. हाडांसाठी कॅल्शियम देत होतो आणि दुसऱ्या हातानं हाडंच पोखरत होतो.

या डॉक्टरांनी आधी काय केलं? आईला म्हणाले, "आजी, सकाळी उठल्यापासून काय काय करता, सांगा बघू." अर्ध्या मिनिटाचा प्रश्न. सव्वा वर्षात तो कुणी विचारला नव्हता. डोस 75 वर आला आणि आज तिथंच आहे.

त्याच मेडलाइनप्लसच्या पानावर खाली लिहिलं होतं की छातीत धडधड, थरथर, घाम झाला तर डॉक्टरांना कळवा. मी वरचं अर्धं पान वाचून उठलो होतो. म्हणून सांगतो, सासूबाईंच्या बाबतीत पद्धत चुकलेली सापडली तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा: "अशी घेत होत्या, उद्यापासून अशी घेणार, डोस तोच ठेवायचा का, आणि पुढची तपासणी कधी?" साधारण सहा ते आठ आठवड्यांनी सांगतात. या औषधाचा अंश अंगातून निम्मा व्हायलाच आठवडाभर लागतो, त्यामुळं पंधरा दिवसांत टीएसएच करून पैसे घालवू नका.

संशोधन वाचायची हौस असेल तर पबमेड ही वैद्यकीय अभ्यासांचे सारांश शोधायची साइट आहे, फुकट आहे. पण तिथं नवखा माणूस हमखास गोंधळतो. मीही गोंधळलो. 2010 चा नेदरलँड्सचा एक अभ्यास सापडला. सुमारे शंभर रुग्ण, तीन महिने सकाळी गोळी, तीन महिने रात्री. रात्री गोळी घेतली तेव्हा टीएसएच चांगला निघाला. मी लगेच आईला रात्रीवर न्यायला निघालो. मग लक्षात आलं, रात्रीची गोळीसुद्धा रिकाम्या पोटीच लागते, जेवणानंतर तीनेक तासांनी. आमच्याकडं जेवण साडेनऊला. साडेबारापर्यंत आई जागी राहणार का? अभ्यास खरा, आमच्या घराला बसत नाही. ज्यांच्याकडं सातला जेवण उरकतं त्यांनी डॉक्टरांना जरूर विचारावं. आणि पबमेडवर कुठलाही सारांश उघडला की आधी बघा, अभ्यास माणसांवर आहे की उंदरांवर. फॉरवर्डमधल्या "संशोधनाने सिद्ध" वाल्या कितीतरी गोष्टी उंदरांवरच संपतात.

धण्याचं पाणी प्यायला हरकत नाही, पण गोळी बंद करून नको. थायरॉइडला वाईट म्हणून लोक बंद करतात तो कोबी-फ्लॉवर शिजवून नेहमीच्या प्रमाणात चालतो, त्या बिचाऱ्यांना घराबाहेर काढू नका. साध्या मिठाऐवजी सैंधव खायचं खूळ मात्र मला पटत नाही. त्यात घातलेलं आयोडीन नसतं, आणि घरात लहान मुलं किंवा गरोदर बाई असेल तर साधं आयोडीनयुक्त मीठच बरं. उलट टोकाला जाऊन आयोडीनच्या किंवा समुद्री शेवाळाच्या गोळ्याही आणू नका.

गोळीची डबी गॅसच्या वरच्या फळीवर ठेवू नका. आपल्याकडच्या पावसाळ्याच्या दमटपणात तर नकोच. मूळ डबीत, झाकण घट्ट लावून, कोरड्या कपाटात. मेडिकलवाल्यानं कंपनी बदलून दिली तर डॉक्टरांच्या कानावर घाला.

फ्रीजवर आईसाठी मोठ्या अक्षरात चिठ्ठी लावली होती: "उठल्यावर गोळी, साधं पाणी. चहा सातला. कॅल्शियम जेवून." ती अजून आहे, कोपरा तेलकट झालाय. साइटवरचं इंग्रजी पान आईपुढं धरून काही झालं नसतं.

शेवटी तुमच्या पोस्टमधली एक ओळ मला खटकली. सासूबाई केसगळतीसाठी गोळ्या घेतात म्हणालात. पाकिटावर बायोटिन (केसांच्या गोळ्यांत असणारं एक जीवनसत्त्व) लिहिलंय का बघा. जास्त डोसचं बायोटिन थायरॉइडच्या काही तपासण्यांचा आकडाच फिरवतं. टीएसएच आहे त्यापेक्षा कमी दाखवू शकतं. म्हणजे पुढच्या खेपेला आकडा उतरलेला दिसला तरी तो खरा असेलच असं नाही. तपासणीआधी किमान दोन दिवस बंद ठेवायला सांगतात. रक्त द्यायला जाण्याआधी ते पाकीट घेऊन डॉक्टरांना दाखवा, आणि काय म्हणाले ते इथं कळवा.