‘तुकतुकीत कांती’ म्हणजे गोरी की तेलकट?

दोन्ही नाही. तुम्ही विचारलंय की ‘तुकतुकीत’चा नेमका अर्थ काय, आणि कथेतल्या ऐंशीच्या आजोबांना तो लावला तर चालेल का.

रंगाशी या शब्दाचं काही देणंघेणं नाही. काळी तुकतुकीत म्हैस, तुकतुकीत घोडा असं आपण सर्रास म्हणतो. वांगी निवडतानाही तुकतुकीत बघूनच उचलतो, कारण जून झालेल्या वांग्याची साल निस्तेज पडते. सावळी कांती तुकतुकीत असू शकते आणि गोरी अगदी खरखरीत.

मुलायमपणा आणि चकाकी तर या शब्दात आहेच, पण आतून भरलेपणाही आहे, आणि नेमका तोच लोक विसरतात. नुसती चमक असेल तर ‘चकचकीत’ पुरे. ‘नितळ’ हा मुळात पाण्याचा शब्द. त्वचेच्या बाबतीत डाग-पुटकुळ्या नाहीत एवढंच तो सांगतो. तेलकट चेहराही चमकतो, पण ती चमक कपाळावर नि नाकावर, रुमाल फिरवला की गेली. तुकतुकी पुसली जात नाही. सुजलेल्या पायाची कातडी ताणून चकाकते, तरी तिला कोणी तुकतुकीत म्हणणार नाही. हा शब्द खाऊनपिऊन सुखी असलेल्या अंगाचा आहे. म्हणून तो न्हाऊमाखू घातलेल्या बाळाला सगळ्यात शोभतो.

आणि म्हणूनच मोठ्या माणसाला लावताना जपून. ‘लग्न मानवलंय हो, तुकतुकीत झालायस!’ यात कौतुक कमी, चिमटा जास्त. पुढाऱ्याला लावलात तर सरळ टोमणाच.

व्याकरणात त्रास नाही. लखलखीत, गुळगुळीत यांच्यासारखाच तो लिंग-वचनाप्रमाणे बदलत नाही: तुकतुकीत गाल, तुकतुकीत कांती, तुकतुकीत बाळ. ‘तुकतुकीत दाढी करून आला’ हेही चालतं. ‘तुकतुकीतपणा’ मात्र मला अवघडलेला वाटतो. ‘तुकतुकी’ असताना तो कशाला?

आता आजोबा. चेहऱ्यावर सुरकुत्या असतील तर हा शब्द नको, कारण सुरकुतलेली कातडी आतून भरलेली दिसत नाही. तिथे ‘सतेज’ किंवा ‘तजेलदार’ लिहा. सुरकुत्यांसकट ते खरे वाटतात. टक्कल असेल तर त्याला मात्र ‘तुकतुकीत’ बेलाशक लावा.