तुझ्या गुप्तहेराच्या मरणाबद्दल

प्रिय लेखकमित्रा,

कादंबरी वाचून झाली. रहस्य शेवटपर्यंत टिकतं, भाषाही चांगली आहे. पण तुझा गुप्तहेर हसत हसत पिस्तुलासमोर छाती काढून उभा राहतो, तिथे मी अडलो. त्याला मरणाची भीती वाटत नाही असं तू पुन्हा पुन्हा सांगतोस, आणि मला ते पटत नाही.

शेरलॉक होम्सची १८९३ सालची ‘द फायनल प्रॉब्लेम’ ही कथा पुन्हा काढून वाच. मित्राच्या, डॉ. वॉटसनच्या घरी आल्या आल्या होम्स भिंतीला चिकटून सरकतो आणि खिडक्या लावून घेतो. एअरगनची भीती वाटते, असं सरळ कबूल करतो. पुढे स्वित्झर्लंडमधल्या रायखेनबाख धबधब्यापाशी वॉटसनला परत बोलावणारी चिठ्ठी येते. ती खोटी आहे हे ओळखूनही होम्स त्याला जाऊ देतो. मग त्याच्या जिवावर उठलेला टोळीप्रमुख मोरिआर्टी समोर उभा असताना वॉटसनसाठी वहीच्या तीन पानांवर निरोप लिहितो. अक्षर नेहमीसारखंच स्वच्छ. आणि मजकूर काय? मोरिआर्टीच्या टोळीविरुद्धचे कागद ‘एम’च्या कप्प्यात, निळ्या लिफाफ्यात आहेत. मालमत्तेची निरवानिरव इंग्लंड सोडण्याआधीच करून ती भावाकडे, मायक्रॉफ्टकडे दिली आहे. वॉटसनवहिनींना नमस्कार. मरण स्वीकारलेला माणूस मला त्या निळ्या लिफाफ्यात दिसतो. शौर्याची भाषणं लिहून असा माणूस पानावर उभा राहत नाही.

बेफिकिरीही होम्सच्याच ठायी आहे. १९१० च्या ‘द डेव्हिल्स फूट’मध्ये तो विषारी पूड दिव्यावर जाळून स्वतःवर प्रयोग करतो आणि वॉटसनलाही सोबत बसवतो. वॉटसन त्याला ओढत बाहेर काढतो म्हणून दोघे वाचतात. मग होम्स माफी मागतो: स्वतःपुरतंही हे समर्थनीय नव्हतं, मित्राच्या बाबतीत तर मुळीच नाही. होम्सचा लेखक डॉइल इथे आपल्या नायकाला पाठीशी घालत नाही, हे मला फार मोलाचं वाटतं. तूही घालू नकोस.

तुझ्या गुप्तहेराला बहीण आहे. दुसऱ्या प्रकरणात ती त्याला डबा देते आणि नंतर गायबच होते! तो अड्ड्यावर एकटा निघतो त्या रात्री तिच्यासाठी काय मागे ठेवतो? की काहीच ठेवत नाही? दोन्ही चालेल, पण ते तुला माहीत हवं आणि पानावर दिसायला हवं. पिस्तुलाचा प्रसंग सध्या बाजूला ठेव. आधी बहिणीचं प्रकरण लिहून पाठव.

तुझा,
काका