अक्कलदाढ काढल्यावर ट्रामाडोलशिवाय भागेल का?

प्रश्न: आम्ही यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यात शेती करतो. माझ्या ३४ वर्षांच्या पतींची खालची आडवी अक्कलदाढ हिरडीला छेद देऊन काढायची आहे. माझ्या दिरांना अपघातानंतर ट्रामाडोल या अफूच्या जातीच्या वेदनाशामक गोळीची सवय लागली होती आणि ती सुटताना घरादाराचे हाल झाले, म्हणून ती गोळी आम्हाला नको. साध्या गोळ्यांवर हे दुखणे सोसवेल का? दवाखाना ४० किलोमीटरवर आहे आणि रात्री गाडी मिळत नाही.

उत्तर: ताई, सोसवेल, किंबहुना या दुखण्यावर साध्या गोळ्याच जास्त लागू पडतात. दाढ काढल्यानंतरची वेदना मुख्यतः जखमेभोवतीच्या सुजेतून येते. आयबुप्रोफेन ती सूजच कमी करते. ट्रामाडोल केवळ वेदनेची जाणीव बोथट करते आणि वर मळमळ, गुंगी व बद्धकोष्ठ देते. अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांतही अशा वेदनेसाठी आयबुप्रोफेनसारखे औषध, एकटे किंवा पॅरासिटामॉलसोबत, हाच पहिला उपाय सांगितला आहे. आपल्याकडे ट्रामाडोल २०१८ पासून अमली पदार्थविषयक कायद्याखाली येते, तेव्हा तुमची धास्ती अनाठायी नाही.

चूक होते ती बहुधा वेळेत. ओठ बधिर आहे, दुखत नाही, म्हणून रुग्ण गोळी न घेताच एसटीत बसतो. घरी पोहोचेपर्यंत भूल उतरते, ठणका सुरू होतो आणि मग घेतलेल्या गोळीला लागू पडायला अर्धा-पाऊण तास लागतो. म्हणून दवाखान्यातून निघण्यापूर्वीच, थोडे थंड दूध पिऊन, पहिली मात्रा घ्यावी. निरोगी प्रौढाला सहसा आयबुप्रोफेन ४०० मिलिग्रॅम आणि पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅम एकत्र, दर सहा तासांनी, पहिले दोन-तीन दिवस दिले जाते; तुमच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीत असेल तेच प्रमाण पाळा. गोळ्यांच्या पाकिटावर पेनाने दोन, आठ, दोन, आठ अशा वेळा लिहून ठेवा आणि पहिल्या रात्री दोनचा गजर लावा.

पोटात अल्सर, मूत्रपिंडाचा विकार, वेदनाशामकाने उठणारा दमा किंवा रक्त पातळ करणारे औषध असेल, तर आयबुप्रोफेनपूर्वी डॉक्टरांना सांगायलाच हवे. घरातील डायक्लोफेनॅक किंवा एसिक्लोफेनॅकची गोळी सोबत घेऊ नये आणि त्या दिवसांत दारू पूर्ण टाळावी. उन्हातान्हात, पाणी न पिता शेतात राबत आयबुप्रोफेन घेतल्यास मूत्रपिंडावर ताण येतो. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वाधिक असते, त्यामुळे कापसाची वेचणी असेल तर तेवढे दिवस त्यांना घरीच ठेवा.

पहिल्या दिवशी गालावर बाहेरून कापडात गुंडाळलेला बर्फ थांबून थांबून पंधरा-वीस मिनिटे धरावा. कोमट मिठाच्या पाण्याने हलके खळखळणे दुसऱ्या दिवसापासून. जेवण म्हणजे गार केलेला मऊ वरणभात किंवा ज्वारीची आंबील.

तुमचे पती खर्रा (तंबाखू-सुपारीचे मिश्रण) खातात की नाही, हे तुम्ही लिहिलेले नाही, परंतु आपल्या भागात मला ते विचारावेच लागते. दाढेच्या खड्ड्यात जमलेली रक्ताची गुठळी हेच उघड्या हाडावरचे पांघरूण असते. खर्रा, बिडी आणि वारंवार थुंकणे यांनी जखम चिघळते, गुठळी निघून जाते, आणि मग तिसऱ्या-चौथ्या दिवशी कानापर्यंत जाणारी कळ उठते, जी गोळ्यांनी धड थांबत नाही. तेव्हा ट्रामाडोल मागू नका, दवाखान्यात जा. खड्डा धुऊन औषधाची पट्टी ठेवली की बहुतेकांना त्याच दिवशी आराम पडतो.

रात्री गाडी नसते, म्हणून सकाळचीच वेळ मागून घ्या, म्हणजे रक्त थांबल्याची खात्री करून निघता येईल. घरी रक्त आल्यास स्वच्छ गॉज अर्धा तास घट्ट चावून धरावा. त्यानेही थांबले नाही, किंवा गिळायला वा श्वास घ्यायला त्रास होऊ लागला, तर सकाळची वाट न पाहता १०८ वर रुग्णवाहिका बोलवा.